डाव्या कानातला बेस

ऑपरेशन झाल्यापासून माझा धाकटा भाऊ कोणाला काही मागत नव्हता. पाणी दिलं तर प्यायचा, उशी सरकवली तर मान टेकवायचा. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्याच्या डाव्या गालात गाठ धरली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी गाल काढला, जबड्याचं हाड काढलं, मानेतल्या गाठी काढल्या आणि मांडीचं कातडं आणून गालाच्या जागी लावलं. त्यानंतर रेडिएशनचे शेक झाले. शेकांनी तोंड आतून सोलून निघालं, आणि तो अकोल्याच्या घरी परत आला तेव्हा त्याच्यात फक्त डोळेच काय ते पहिल्यासारखे उरले होते.

मी अमरावतीला राहते, राजापेठेत. शाळा माझी नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी तशीच अकोल्याची बस धरायची आणि रविवारी संध्याकाळी परत यायची. अशाच एका शनिवारी मी त्याच्या खाटेजवळ बसून संत्र्याचा रस गाळत होते. त्यानं हातानं मला खुणावलं.

"बाई," तो म्हणाला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. "मले इअरफोन आणून दे. कानात घालाचा. बेसवाला."

त्याचे शब्द तोंडात कापड कोंबल्यासारखे यायचे. बाहेरच्या माणसाला काही कळत नसे, पण मला आणि त्याच्या बायकोला सवय झाली होती. भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय म्हणते?"

"इअरफोन पायजे म्हणते."

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आत निघून गेली. गॅसवरचं दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला तरी ती बाहेर आली नाही. इतक्या महिन्यांनी त्यानं काहीतरी मागितलं होतं.

बेस हा शब्द आमच्या घरात त्यानंच आणला. मिसरूड फुटायच्या आधीच तो लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायला लागला होता. आमच्या आईला ते आवडत नव्हतं. तिला वाटायचं, एवढं शिकवलं ते काय गळ्यात ढोल अडकवायला? पण त्याला पेटी नको होती, क्लॅरिनेट नको होतं, झांजा नको होत्या. ढोलच पाहिजे होता. पुढं माझं लग्न ठरलं आणि वरातीला नेमका त्याचाच बँड आला. नवरीच्या भावानं वाजवू नये म्हणून मावश्यांनी बराच गलका केला. त्यानं ऐकलं नाही. वरातीपुढं ढोल वाजवत आला, जेवणं झाल्यावर पुन्हा वाजवला, आणि मी निघताना सगळे गळ्यात पडून रडत होते तेव्हाही ढोल त्याच्या छातीवर तसाच होता. मी त्याला धरायला गेले तर मध्ये ढोल. शेवटी आम्ही दोघंही हसलो आणि मी गाडीत बसले.

मग बँड गेले, डीजे आले. त्यानं स्वतःची साउंड सर्विस काढली. जयंतीची मिरवणूक, हळद, गणपती, दर्ग्याचा संदल, जिथं बोलावतील तिथं तो जायचा. जुन्या शहरातल्या घराच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत बेसचे डब्बे रचलेले असायचे आणि पाहुण्याला त्यांच्यामधून वाट काढत आत यावं लागायचं. मला तो आवाज सहन होत नसे. मी म्हणायची, "अरे, छातीत धडधड होते माह्या." तो खूश व्हायचा. "मंग? बेस कानानं नाई ऐकत बाई. तिथंच ऐकतेत."

आजारपणानंतर ते डब्बे लावायची सोय राहिली नव्हती. एकदा त्याच्या माणसांनी गाडीवर चढवायच्या आधी एक डब्बा थोडासाच वाजवून पाहिला, तर तो डोकं धरून खाली बसला. शेकांनी कवटीच हुळहुळी झाली होती. त्यामुळे त्यानं स्वतःच विचार केला असावा, की आवाज बारीक पण कानाच्या अगदी आत असला तर जमेल.

मी राजापेठेत चौकशी सुरू केली. क्लासेसच्या मुलांची जिथं गर्दी असते तिथं मोबाइलच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "काकू, कशासाठी पायजे? गेमसाठी का मीटिंगसाठी?"

"बेससाठी," मी म्हणाले.

"बेस तं सगळ्यातच रायते," तो म्हणाला, आणि खरंच, त्यानं पुढं टाकलेल्या प्रत्येक खोक्यावर तो शब्द मोठ्या अक्षरात छापलेला होता.

पहिला जोड मी मोठ्या आशेनं नेला. भावानं फोनला लावला, डोळे मिटले, आणि गाणं अर्ध्यावर यायच्या आधीच काढून ठेवला. "हा आवाज हाये. बेस नाई." दुसरा नेला, मानेत अडकवायचा. त्यावर त्यानं एकच शब्द उच्चारला, "मच्छर." भावजयीला हसू आलं आणि तिला हसताना पाहून त्याचे डोळेही किंचित हसले. तिसरा मी घरपोच मागवला. त्याच्याविषयी लोकांनी लिहिलेलं सगळं वाचून, शाळेतल्या तरुण मास्तरांना विचारून. तो त्यानं जरा जास्त वेळ ऐकला. मग म्हणाला, "उजवीकून थोडा येऊन राहिला. डावीकून कायीच नाई. लंगडते."

अकोल्यात त्याच्या ओळखीच्या एका मुसलमान दुकानदाराचं मोबाइलचं दुकान होतं. मी म्हटलं, तिथंच जाऊ, सगळे कानात घालून पाहू. ऑपरेशननंतर दवाखान्याशिवाय तो पहिल्यांदाच बाहेर पडत होता. तोंडाला रुमाल बांधून, ऑटोत माझ्या बाजूला, बाहेर न बघता बसला. दुकानदारानं आधी ओळखलं नाही. "बोला ताई," तो मला म्हणाला. भावानं काउंटरवर दोन बोटांनी ठेका धरला, बँडवाले सुरू करायच्या आधी धरतात तसा. दुकानदार पाहतच राहिला. मग काउंटरचं फळकूट उचलून बाहेर आला, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि आपली खुर्ची त्याला दिली.

"भाऊ, आमच्या संदलले तुमी होते तं पुरा मोहल्ला हालत होता," तो म्हणाला. "बसा. जे पसंत येईन ते न्या. नाई आलं तं चाय पिऊन जा."

त्यानं खोक्यांमागून खोकी उघडली. एकेक तार फोनला लावायचा आणि भावाच्या हातात द्यायचा. भावाचा डावा खांदा मानेच्या ऑपरेशननंतर वर होत नसे, म्हणून उजव्या कानात तो स्वतः घालायचा आणि डाव्या कानाला उजवा हात तोंडावरून नेऊन कसंबसं अडकवायचा. दुकानदार एकदा म्हणाला, "घट्ट बसाले पायजे, भाऊ, थांबा," आणि त्यानं हात पुढं केला. रुमालाजवळ येऊन तो हात थांबला. मग त्यानं तोच हात मागे नेऊन उगाच एक खोकं पुसलं.

मला त्याचा राग आला नाही. आम्ही कोणीच त्या बाजूला हात लावत नव्हतो. ड्रेसिंग होतं तोवर नर्स करायची. ते सुटल्यावर तो स्वतः करायचा, आरशाकडे पाठ करून. भावजय जेवण भरवायची तेही उजव्या बाजूनं.

एकही जोड पसंत पडला नाही. येताना ऑटोत तो म्हणाला, "कान बी गेला, बाई." आवाजात तक्रार नव्हती. हिशेबात आणखी एक वस्तू वजा केल्यासारखं म्हणाला. मी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, डाव्या कानाला शेकांमुळे थोडं कमी येतं, पण जाडे आवाज ऐकू यायला हवेत, कान मेलेला नाही. त्याचा विश्वास बसला नाही. "डॉक्टरले काय मालूम बेस काय रायते ते." रविवारी मी निघाले तेव्हा त्यानं घरपोच आलेला तो जोड माझ्या पिशवीत टाकला. "घेऊन जाय. शाळेतल्या कोन्या पोट्ट्याले देऊन टाक."

मी बसमध्ये डावीकडच्या खिडकीशी जागा धरली. बोरगाव मंजूच्या पुढं गाडी रिकाम्या रस्त्याला लागली. काय मनात आलं कोण जाणे, मी तो जोड काढला आणि स्वतःच्या कानात घातला. भाऊ डब्बे तपासायला नेहमी एकच जयंतीचं गाणं लावायचा. ते माझ्या फोनमध्ये होतं. मी ते लावलं. मला काही विशेष वाटलं नाही. चांगलं स्वच्छ गाणं, रेडिओवर लागतं तसं. माझ्या कानाला त्याची रबरं मोठी होत होती, आत जात नव्हती, नुसती टेकून बसली होती. दिवसभराच्या थकव्यानं मी डोकं खिडकीच्या चौकटीला टेकवलं आणि एकदम डाव्या कानात काहीतरी उघडलं. गाण्याच्या खाली इतका वेळ जमीनच नव्हती आणि आता ती आली, असं काहीतरी. मी दचकून सरळ झाले, तर तो आवाज गेला. पुन्हा डोकं टेकवलं, आला. मग उजव्या कानातलं बोंड मी बोटानं आत दाबलं, आणि बाजूच्या बाईनं माझ्याकडे वळून पाहिलं, कारण मी मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले होते.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी भावजयीला फोन केला. "त्याचा कान चांगला हाये," मी म्हणाले. "फट राहून राहिली. त्याच्या डाव्या कानात ते नीट बसतच नाई, म्हणून बेस बाहीर पडते." तिला काही समजलं नाही. मी म्हटलं, राहू दे, मी शनिवारी येते, त्याला आत्ताच काही सांगू नको. खोटी आशा लागायला नको असं मला वाटलं.

शनिवारी तो भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्या डाव्या बाजूला खाटेवर बसले. त्या बाजूला मी पहिल्यांदाच बसत होते.

"हात लावू का?" मी विचारलं.

 त्यानं रुमाल सोडला.

मी त्या गालाकडे नीट पाहिलं. मांडीचं कातडं गालावर आलं तरी मांडीचंच राहिलं होतं, जाडसर, त्यावर मांडीचे केस. शिवणीनं कान खाली ओढला गेला होता आणि कानाचं तोंड गोल न राहता चिरेसारखं झालं होतं. गोल रबर त्यात कसं बसणार? मी बोंड त्या चिरेत सरकवलं आणि हळूहळू दाबलं.

"दुखते?"

"नाई. दाब."

भावजयीनं फोनवर तेच गाणं लावलं. मी आणखी थोडं दाबलं, मग जरा वर, मग मागे. एका जागी माझ्या बोटाच्या टोकाला आतून ठोका लागला. त्याच क्षणी त्यानं माझं मनगट पकडलं.

"थांब. तिथंच. आला."

मी हात हलवला नाही. गाणं लांबलचक होतं. माझा दंड भरून आला, तर भावजयीनं येऊन माझ्या कोपराखाली उशी लावली. त्याचे डोळे मिटलेले होते. पाय खाटेवरून खाली सुटले होते आणि उजव्या पायाचा अंगठा फरशीवर ताल धरत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. उजव्या गालावरचं त्यानं पुसलं. डाव्या गालावरचं त्याला कळलं नाही, कारण त्या कातड्याला काही कळतच नव्हतं. ते मी पुसलं. आयुष्यभर मला ज्या धडधडीचा त्रास व्हायचा, ती माझ्या एका बोटाखाली चालली होती, आणि ती थांबू नये एवढंच मला वाटत होतं.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "पुना लाव."

नंतर त्या दुकानदाराला जाऊन मी सगळं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "ताई, मी हात लावला असता तं त्याच दिवशी समजलं असतं," तो म्हणाला. मी म्हटलं, आम्ही घरच्यांनी तरी कुठं लावला होता. रबराऐवजी फोमची बोंडं मिळतात, ती चिमटीत दाबून घातली की कानाच्या आत जाऊन फुगतात, कान कसाही असो फट बुजवतात, असं त्यानं सांगितलं. अकोल्यात ती नव्हती. त्यानं मुंबईहून मागवली. उजव्या कानाला मधल्या मापाचं लागलं आणि डाव्याला सगळ्यात मोठं.

ते घालायचं काम भावजयीनं शिकून घेतलं. सकाळी भाकरी झाल्या की पिठाचे हात धुऊन ती त्याच्या डाव्या बाजूला बसायची, फोम चिमटीत चेपून कानात सरकवायची आणि तो फुगेपर्यंत बोट धरून ठेवायची.  मी शनिवारी पोचायची तेव्हा कधीकधी ती दोघं एकेक बोंड वाटून घेऊन बसलेली दिसायची. ती मला म्हणायची, "मले काय समजते त्याच्यातलं, बाई. पन ते हात वर करतेत ना, बेस यायच्या आधी, तेवढं समजते आता." तो उन्हाळा त्याला बरा गेला. अंगावर थोडं मांस चढलं. रुमाल न बांधता तो ओट्यावर येऊन बसायला लागला. शेजारच्या विहारातली, जयंतीच्या तयारीला लागलेली पोरं त्याला विचारायला यायची की डब्बे कुठल्या तोंडानं ठेवू, आणि तो हातानं दाखवायचा.

पावसाळा सरताना गालाच्या आत पुन्हा दुखायला लागलं. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं आणि आता कापण्यासारखं काही राहिलं नाही असं सांगितलं. सूज कानापर्यंत चढली. एके दिवशी फोम आत जाईना. भावजयीनं तो अगदी बारीक चेपून पाहिला, तरी जाईना. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. त्यानं तिचा हात धरून खाली ठेवला आणि मान हलवली. त्यानंतर ती नुसतीच बसायची त्या बाजूला, त्याच वेळेला, हात धुऊन.

मी शाळेतून रजा काढली आणि तिथंच राहिले. शेवटच्या दिवसांत तो बोलायचा बंद झाला. एका दुपारी, ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं, भावजय त्याचे पाय चोळत होती आणि मी ओल्या कापसानं ओठ भिजवत होते, तेव्हा तो गेला. आम्हाला लगेच कळलंही नाही. भावजय पाय चोळतच होती.

दुकानदार अंत्यविधीला आला. विहाराच्या भिंतीशी उभा राहिला आणि सगळं संपेपर्यंत थांबला. डब्बे साउंडवर काम करणाऱ्या माणसांनी नेले. पुढची खोली रिकामी झाल्यावर कळलं की तिला एक खिडकी होती.

अकोल्याच्या त्या घरात भावजयीला एकटीला करमेना. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी तिला अमरावतीला घेऊन आले. आमच्याच गल्लीत तिला एक खोली पाहून दिली. आता ती नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात शिवणाच्या कामाला जाते. सकाळी कंपनीची गाडी येते. रविवारी ती माझ्याकडे असते. आमच्या ह्यांना तिच्या हातची आमटी आवडते, म्हणून त्या दिवशी स्वयंपाक तीच करते.

मागच्या रविवारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "बाई, तुमाले याहीचा पयलेचा आवाज आठवते का? आपरेशनच्या आधीचा?"

"आठवते ना," मी म्हणाले. म्हटल्यावर आठवून पाहिला, तर कापड कोंबल्यासारखाच येत होता. मी काडी हातात धरून थांबले.

"मले नाई येत," ती म्हणाली. "कवाचं पाहून राहिली. तोच येते मागचा."

मग मी तिला सांगितलं, लहानपणी तो गल्लीच्या तोंडापासून मला हाक मारत यायचा, ती कशी. शाळेतून सुटला की भूक लागलेली असायची आणि आई मजुरीला गेलेली असायची, म्हणून तो दुरूनच ओरडायचा. मी तशी हाक मारून दाखवली. नीट जमली नाही, वयानं माझाही आवाज फाटला आहे. भावजय मेथी तशीच सोडून माझ्याकडे बघत होती.

"पुना मारा," ती म्हणाली.